शांतता परिषद भरवू पाहणाऱ्यांस

दुसऱ्याच्या देशातलं युद्ध मिटवायचं मनात आहे? मग सीरियातल्या यादवी युद्धाच्या शांतता चर्चांचा कित्ता गिरवा.

आधी हॉटेलं बघा. जानेवारी 2014 मध्ये सीरियावरच्या 'जिनिव्हा-2' या दुसऱ्या शांतता परिषदेचं उद्घाटन जिनिव्हात होऊच शकलं नाही. महागड्या घड्याळांच्या प्रदर्शनामुळे तिथे खोल्याच शिल्लक नव्हत्या. सगळा लवाजमा माँत्रो या दुसऱ्या स्विस गावाला हलला. (घड्याळवाल्यांनी निदान बुकिंग तरी वेळेत केलं होतं.) इराणला बोलवा आणि दुसऱ्याच दिवशी निमंत्रण मागे घ्या, संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव बान की-मून यांनी घेतलं तसं. ज्याची माणसं आणि पैसा लढाईत आहे तोच बाहेर राहिला की चर्चा कशी सुटसुटीत होते!

भाषणाला वेळ नेमून द्या. सीरियाचे परराष्ट्रमंत्री वालिद मुअल्लेम दहा मिनिटांच्या जागी अर्ध्या तासाहून जास्त बोलले आणि महासचिव घंटी वाजवत बसले. तेव्हा सीरियातल्या होम्सचं जुनं शहर सरकारी फौजांच्या दीड वर्षाहून अधिक काळ वेढ्यात होतं. तिकडे कोणी घंटी वाजवली नाही.

मसुदा करताना मुख्य माणसाचं नाव तेवढं टाळा. जून 2012 च्या जिनिव्हा निवेदनात हंगामी सरकार होतं, दोन्ही बाजूंची संमती होती, फक्त सीरियाचे अध्यक्ष बशर असद यांचं नाव नव्हतं. अमेरिका म्हणाली, म्हणजे ते जाणार. रशिया म्हणाला, असं लिहिलंय कुठे? दोघांनीही एकाच कागदाला मान्यता दिली होती, हे विसरू नका.

संयुक्त राष्ट्रांचा शांतिदूत मात्र नामांकित हवा. कोफी अन्नान काही महिन्यांत वैतागून गेले. त्यांच्यामागून आलेल्या लखदर ब्राहिमींनी तर सीरियन जनतेची चक्क माफी मागितली. महासत्तांनी असली सवय लावून घेऊ नये.

सगळं थंडावलं की देशाची नवी घटना लिहायला घटना समिती नेमा. दीडशे सदस्य पुरेत. 2022 मध्ये युक्रेन युद्धात स्वित्झर्लंड तटस्थ राहिलं नाही म्हणून रशियाने जिनिव्हालाच हरकत घेतली, नववी फेरी रद्द झाली आणि घटना जिथल्या तिथे राहिली.

आणि डिसेंबर 2024 सारखं झालं तर? संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादी यादीतल्या 'हयात तहरीर अल-शाम' या बंडखोर संघटनेने, जिला जिनिव्हात कधी खुर्चीच नव्हती, पंधरवड्याच्या आत दमास्कस गाठलं आणि असद मॉस्कोला पळाले. अशा वेळी गडबडून जाऊ नका. सुरक्षा परिषदेने दहा दिवसांच्या आत निवेदन काढून 2015 च्या ठराव 2254 चाच हवाला दिला. तो ठराव असद सरकार आणि विरोधकांना एका टेबलावर आणण्यासाठी होता.