हप्ता आणि पुढचं शिक्षण एकाच वेळी दारात येतात

परवा आमच्या वाडीतली एक मुलगी आईला घेऊन घरी आली. बारावी झाली, बायोटेक्नॉलॉजीच करायचं म्हणते. हातात घाटावरच्या एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक. बी.टेक., वर्षाची फी दीड लाख. काकी म्हणाली, "तू हेच शिकलीस ना गो? बँक कर्ज देत्ये म्हणतात. घेऊ का?"

मी चहा ठेवला आणि कागद-पेन घेऊन बसले.

चार वर्षांचे सहा लाख. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यामुळे कलमं गहाण पडणार नाहीत एवढ्यावरच घरचे निर्धास्त होतात. शिकताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नसतो, हेही खरं. पण व्याज थांबत नाही. दर 10 टक्के धरा. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्या वर्षीच्यावर चार वर्षांचं, मग तीन, मग दोन. नुसतं सरळव्याज 2 लाख 10 हजार. पहिला हप्ता भरायच्या आधीच सहाचे 8 लाख 10 हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे 10,700. पंधरा वर्षं घेतली तर 8,700, पण मग एकूण साडेपंधरा लाखांच्या वर भरावे लागतात.

काकी एवढंच म्हणाली, "आंब्याचे पैसे मे महिन्यात येतात. तेही थ्रिप्स किडीने मोहोर ठेवला तर. हे दर महिन्याला कुठून काढायचे?"

आता पगार. 2016 साली मी बाहेर पडले तेव्हा लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागले, 13,000 वर. जंतू वाढवायचा मीडिया तयार करायचा, प्लेटी ओतायच्या, त्यात उगवलेल्या जंतूंच्या कॉलनी मोजायच्या, रजिस्टर भरायचं. काम मनापासून केलं. पण शेजारच्या टेबलावर चिपळूणहून बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करून आलेली मुलगी होती. तेच काम, तोच पगार, आणि तिच्या डोक्यावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं. माझा हप्ता 8,000 च्या वर होता.

कारखान्याचंही चूक नव्हतं. त्या कामाला तेवढंच शिक्षण लागतं. बायोटेकमध्ये संशोधनाच्या, जरा बऱ्या पगाराच्या जागा एमएस्सी किंवा पीएचडीनंतर उघडतात. पदवीत आपण जेनेटिक्सपासून फर्मेंटेशनपर्यंत सगळं थोडं थोडं शिकतो, हात कशावरच बसलेला नसतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या शाखांत चौथ्या वर्षी नोकरी मिळते, म्हणून हिशोब तसाच धरला जातो आणि तिथेच चुकतो.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल. ज्या वर्षी पुढे शिकायला हवं, बरोबर त्याच सुमारास हप्त्याची तारीख समोर येते. मी बाहेर पडले त्या साली माझी जॅमची, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेशाची, परीक्षा चांगली गेली होती, एमएस्सीला जागा मिळत होती. घरात आधीचं चार लाखांचं कर्ज, त्यावर चढलेलं व्याज, वर दोन वर्षं मुंबईत राहायचा खर्च. बाबा "जा" म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मी नाही गेले. ज्या कर्जाने मला या विषयात आणलं, त्याच कर्जाने मला अर्ध्या वाटेवर उतरवलं.

कर्जाला माझा विरोध नाही. पण ते एमएस्सी, एमटेकसाठी राखून ठेवा. पदवी रत्नागिरी, चिपळूणच्या अनुदानित कॉलेजातून, मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्री घेऊन करा. घरून एसटीने जाता येतं. तिसऱ्या वर्षी जॅम आणि गॅट-बी (बायोटेकच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा), दोन्ही द्या. आयआयटीतली किंवा डीबीटीच्या, म्हणजे केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या, मदतीने चालणारी एमएस्सी बीएस्सीवालीलाही मिळते. पुढे नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली आणि पीएचडीला प्रवेश मिळाला की महिना 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. म्हणजे त्या टप्प्याला शिकण्याचेच पैसे मिळतात. नेट कठीण आहे, पहिल्या फटक्यात क्वचितच निघते, तेही मी तिला सांगितलं.

आणि मुलींच्या आईवडिलांनी हे जरूर बघावं: 2024-25 पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश सरकारी कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश, फेरीतून हवा. काकीच्या हातातलं माहितीपत्रक खासगी विद्यापीठाचं होतं, तिथे ही माफी लागू नाही. त्यात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तुला ती जागा सोडल्याचं अजून वाईट वाटतं?"

हो म्हटलं. खूप वाटतं.

सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघी रत्नागिरीला जातोय, बीएस्सीचा फॉर्म भरायला. तुमच्या घरीही हा विचार चालू असेल तर कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी मला मेसेज करा. मी फेडलेल्या हप्त्यांचं पासबुक अजून जपून ठेवलंय, ते दाखवेन.