पेटी म्हणजे किती डझन, हे कधीच विचारू नका

बाग देवगडच्या बाजूला, काजूचा कारखाना वेंगुर्ल्याकडे, ऑफिस रत्नागिरीत आणि चिरंजीव पुण्यात बसून वेबसाइट चालवतात, अशी तुमची परिस्थिती असेल तर तुम्ही भाग्यवान आहात. हिशेब टॅलीत, ऑनलाइन ऑर्डरी मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये, कारखान्याचा स्टॉक कोणे एके काळी कोणीतरी ओरॅकल नावाच्या दुसऱ्या डेटाबेसवर बांधून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि बागेचा जमाखर्च मुकादमाच्या वहीत. ती वही दर शनिवारी ऑफिसातली मुलगी एक्सेलमध्ये उतरवते. चौघेही आपापल्या घरी सुखी आहेत. पण आता तुमच्या कानात कोणीतरी फुंकलंय की हे सगळं एकत्र करा, एक डॅशबोर्ड, सगळे आकडे दाखवणारा एकच पडदा, बनवा, म्हणजे पडवीतल्या झोपाळ्यावर बसल्या बसल्या मोबाइलवर धंदा दिसेल.

बनवा. जरूर बनवा. नाही म्हणाल तर मेहुणे मागासलेले म्हणतील. फक्त काही पथ्यं पाळा, नाहीतर धंदा खरोखरच दिसायला लागेल आणि सगळ्यांचीच पंचाईत होईल.

सगळ्यात मोठं पथ्य पेटीचं. बागेच्या वहीत पेटी म्हणजे लाकडी पेटी. फळ मोठं असेल तर चार डझनांची, मध्यम असेल तर पाच-सहा, बारीक असेल तर सात-आठ डझनांचीसुद्धा. वेबसाइटवर पेटी म्हणजे एक डझनाचा पुठ्ठ्याचा खोका. हंगामाच्या शेवटी कॅनिंगला जातो तो आंबा किलोवर. आणि टॅलीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द, 'नग'. एखादा नवशिका पोरगा म्हणेल, आधी सगळं एका मापात आणू या, प्रत्येक नोंदीशेजारी माप लिहू या, पेटीत किती डझन तेही लिहू या. त्याला चहा आणायला पाठवा. तुम्ही सरळ बेरीज मारा आणि 'एकूण पेट्या' असा ठळक हिरवा आकडा वर लावा. त्यात चार डझनांची पेटी, डझनाचा खोका आणि कॅनिंगचा एक किलो, तिघेही गुण्यागोविंदाने 'एक' म्हणून नांदतात.

काजूत तर याहून मजा आहे. शंभर किलो बी फोडली की हाती साधारण २५ ते ३० किलो गर येतो. बीची खरेदी किलोत, गराची विक्री किलोत, मग दोन्ही एकाच 'स्टॉक'च्या खान्यात टाकायला हरकत काय? कालची बी आणि तिच्यातूनच आज निघालेला गर असे दोन्ही मोजले गेले की कोठार सदैव भरलेलं दिसतं. बँकेच्या साहेबांना हा तक्ता अवश्य दाखवा. गराच्या प्रतींचे आकडेही वाया घालवू नका. डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२० हे आकडे म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात त्याची मोजणी. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. हे डॅशबोर्डला सांगायची गरज नाही. त्याला नुसता आकडा दिसला की तो सरासरी काढतो. चार प्रतींची सरासरी २३७.५ येते. ही प्रत बाजारात कोणीही विकत नाही, म्हणजे स्पर्धाच नाही. शिवाय आकडे उतरत्या क्रमाने लावले की सर्वांत बारीक गर पहिल्या नंबरावर येतो.

आता विक्री कधी झाली, हा प्रश्न. मुकादम म्हणतो, ट्रक बागेतून सुटला तेव्हा. वेबसाइट म्हणते, गिऱ्हाइकाने बटण दाबलं तेव्हा. वाशीच्या बाजारात आढत्याकडे, म्हणजे दलालाकडे, माल उतरला, भाव फुटला, पण पट्टी, म्हणजे त्याचं विक्रीचं बिल, यायची आहे. पट्टी आली, पण पैसे यायचे आहेत. पैसे आले, पण हमाली, तोलाई वगैरे कापून. ट्रक, भाव, पट्टी, पैसे अशा चार तारखा एकाच आंब्याला. शहाणी माणसं चारही तारखा वेगवेगळ्या खान्यांत ठेवतात आणि रिपोर्टात 'विक्री' म्हणजे यांतली कोणती, हे आधी ठरवून कागदावर लिहितात. तुम्ही लिहू नका. लिहिलं की भांडण होतं. न लिहिता प्रत्येकाला आपापली तारीख वापरू द्या, म्हणजे विक्रीवाल्याचं टार्गेट ट्रक सुटतानाच पूर्ण होतं, हिशेबनिसाचं वर्ष पट्टी येईपर्यंत कोरं राहतं, आणि दोघेही खरं बोलत असतात. एका छताखाली दोन खरं बोलणारी माणसं, याहून सुखी संस्था कोणती?

वर्षाचंही तसंच. आपल्या देवाने आंब्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे असा ठेवला आणि सरकारने आर्थिक वर्ष ३१ मार्चला कापलं. एकाच झाडाचा पहिला तोडा एका वर्षात आणि दुसरा दुसऱ्या वर्षात. टॅली एप्रिल ते मार्च चालते, वेबसाइटचा रिपोर्ट जानेवारी ते डिसेंबर, आणि मुकादमाचं वर्ष मोहोरापासून पावसापर्यंत. तारखांची एक स्वतंत्र यादी करून त्यात 'हंगाम' असा एक खाना घातला, म्हणजे प्रत्येक दिवस कोणत्या हंगामात पडतो ते लिहून ठेवलं, तर ही तिन्ही वर्षं तासाभरात जुळतात. म्हणूनच तो खाना घालू नका. मोहोर लवकर आला की मार्चमध्ये विक्री दुप्पट आणि उशिरा आला की निम्मी दिसते. दोन्ही वेळा मॅनेजरकडे सांगायला काहीतरी असतं. नाहीतर बिचारा बोलणार काय?

तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये किनाऱ्याला घासून गेलं तेव्हाचा डेटा तर जपून ठेवा. दिवसचे दिवस वीज नव्हती, नोंदी कागदावर झाल्या आणि वीज आल्यावर एकाच दिवसाच्या तारखेने आत गेल्या. आलेखात आधी सपाट मैदान, मग एकदम सुळका. हा सुळका दाखवून दरवर्षी त्याच तारखेला जादा गाडी बुक करा.

गिऱ्हाईक कोण, हे जुळवणं कठीण असतं, म्हणून ते सोपं करून घ्या. टॅलीत वेंगुर्ला, वेबसाइटवर वेंगुर्ले, कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं व्हीजीएल. जुन्या यादीत कणकवलीचा माणूस जिल्हा रत्नागिरी म्हणून नोंदलाय, कारण ती यादी १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होण्याच्या आधीच्या वहीवरून उतरवली. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघालं, तुमच्या यादीत अजून निघालेलं नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुमच्या रिपोर्टात जिल्हे चारच असतील तर राहू द्या, चार हा आकडा गोल चार्टात बरा दिसतो.

नावांवरून माणूस जुळवायचा असेल तर कोकण हा त्यासाठी आदर्श प्रदेश. एका वाडीत पंधरा सावंत, त्यातले चार सुरेश. उलट कऱ्हाडे आडनावाचा एकच माणूस, पण त्यातला 'ऱ्ह' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, दोन प्रकारांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन परकी माणसं. एका कऱ्हाड्यांनी केलेली उधारी दुसऱ्या कऱ्हाड्यांच्या खात्यावर कधीच सापडणार नाही. वसुलीला गेलेल्या माणसाचा चेहरा तेवढा बघण्यासारखा होतो.

मग कोणीतरी हुशार सुचवेल की मोबाइल नंबरावरून जुळवा. उत्तम. ज्याने नंबर दिला नाही त्याच्या नावापुढे ऑफिसातल्या मुलीने दहा वेळा नऊ टाइप केलंय. तिला विचारलंत तर म्हणेल, "माका काय म्हायत? शेटनी सांगितल्यानी तसा लिवलंय." समजा असे वेबसाइटवर दोनशे आणि टॅलीत तीनशे लोक निघाले. दोन्ही याद्यांतल्या सारख्या नंबरांची जोडणी केली की यातला प्रत्येकजण त्यातल्या प्रत्येकाशी जुळतो आणि पाचशे नोंदींच्या जागी ६०,००० ओळी हातात येतात. व्यापार वाढवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही.

खरं तर आहे. बारा हजारांचं एक बिल घ्या. त्यात तीन वस्तू: आंबा, काजूगर, कोकम आगळ. गिऱ्हाइकाने पैसे दोन हप्त्यांत दिले. आता बिलाचा तक्ता वस्तूंच्या तक्त्याला जोडा, त्यालाच हप्त्यांचाही जोडा आणि बिलाच्या रकमेची बेरीज करा. तीन गुणिले दोन, सहा ओळी, प्रत्येकीवर बारा हजार. ७२,००० रुपये! वस्तूंची आणि हप्त्यांची बेरीज आधी वेगवेगळी करून, प्रत्येक बिलाची एकेक ओळ झाल्यावरच जोडायचं असतं असं जाणकार सांगतात. या जाणकारांनी कोणाला मोठं केलंय? उलट आकडा फारच फुगला आणि तुम्हाला लाज वाटली तर 'इनर जॉइन' वापरा. ज्यांची दुसऱ्या तक्त्यात जोडी सापडत नाही ते सगळे त्यात मुकाट गळून पडतात. वाशीचा अख्खा व्यापार गळाला तरी डॅशबोर्ड हूं की चूं करत नाही.

रिकाम्या खान्यांची काळजी करू नका. डेटाबेसच्या जगात 'नल' म्हणजे माहीत नाही, आणि एक माहीत नसलेलं दुसऱ्या माहीत नसलेल्याशी बरोबर मानलं जात नाही. त्यावर कळस म्हणजे ओरॅकल रिकामा मजकूरही नलच समजतो, मायएसक्यूएल दोघांना वेगळं समजतो. दोन्हींकडून आलेल्या 'पत्ता नाही' गिऱ्हाइकांची मोजणी करायला बसलात की दुपारची झोप आपोआप लागते.

वेळेचं एक छोटं काम राहिलं. वेबसाइटचा सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. अक्षय्य तृतीयेच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरी त्यामुळे आदल्या दिवशी पडतात. पडू द्या.

एक्सेलवर मात्र श्रद्धा अढळ ठेवा. शक्यतो जुन्या एक्सएलएस फाइलीच वापरा. तिच्यात ६५,५३६ ओळी मावतात, पुढच्या येतच नाहीत. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये अशाच फाइलींमुळे १५,८४१ कोरोनाबाधित आकडेवारीतून निसटले होते. एवढ्या मोठ्या साहेबाच्या देशात चालतं, मग आपल्याकडे का चालू नये? शून्याने सुरू होणारे माल-कोड एक्सेल स्वतःच शून्य झटकून साफ करून देतो. ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, तेही तोच ठरवतो. म्हणजे आंब्याचं आर्थिक वर्ष कोणतं, हा निर्णयही परस्पर झाला.

काही लोक तुम्हाला डेटा वेअरहाउसचं, म्हणजे आकड्यांच्या कोठाराचं, वेड लावायला येतील. त्यांचं म्हणणं असं की चालू डेटाबेसवर रिपोर्ट चालवू नयेत, रात्री माल उपसून एका वेगळ्या जागी आणावा, तिथे स्वच्छ करावा, मापं, नावं, तारखा एकसारख्या कराव्यात, मगच वर काढावा. ही तर आपली आढी झाली! कच्चा आंबा गवतात लावायचा, रोज उलथापालथ करून बघायचा, डागी बाजूला काढायचा, पिकला की मगच पेटीत. आंब्यासाठी आपण हे पिढ्यान् पिढ्या करतो, पण आकड्यांसाठी इतका वेळ कोणाला आहे? अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात भर दुपारी थेट चालू वेबसाइटच्या डेटाबेसवरच पाच वर्षांचा रिपोर्ट सोडा. ऑर्डरी अडकतील, गिऱ्हाईक वैतागून फोन करेल, आणि फोनवरच्या ऑर्डरी वहीत जातील. मुकादमाचा मान तेवढाच वाढतो.

एवढं सगळं सांभाळलंत की सोमवारची मीटिंग बघा कशी रंगते. मॅनेजर गाऱ्हाणं घालावं तसा सुरू होतो, यंदा वाढ झाली आसा, बाजार चांगलो आसा, आणि टेबलाभोवतीचे सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा!" चार रिपोर्टांत चार आकडे असतात हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पण एकच आकडा आला तर कोणाचा तरी चुकला हे सिद्ध होईल, म्हणून त्या आकड्याची कोणालाच घाई नसते. पेटी किती डझनांची, विक्री कधी झाली आणि गिऱ्हाईक कोण, हे तीन प्रश्न घेऊन चौघांनी एक सकाळ बसायचं म्हटलं, तर त्या सकाळी एकाला वाशीला जायचं असतं, एकाच्या सासुरवाडीला जत्रा असते, तिसऱ्याची वही घरी राहिलेली असते. चौथा येतो, तो नेमका चहा आणायला पाठवलेला पोरगा.

आणि डॅशबोर्ड तयार झालं तरी जुने चार रिपोर्ट बंद करू नका, पाचवा आकडा त्यांच्या शेजारी बसवा. फारच गोंधळ झाला तर तो सोडवणारं नवीन सॉफ्टवेअर मिळतं. त्याचा स्वतःचा डेटाबेस असतो, तो सहावा. बिल ३१ मार्चच्या आत घ्यायचं की नंतर, एवढं फक्त हिशेबनिसाला विचारा. तो विचारेल, "पण हे कोणत्या हंगामाचं धरू?"