नुसतं जोडून तर द्यायचंय

"दोन्हीकडचं काम झालंय, तू नुसतं जोडून दे. अर्ध्या दिवसाचं तर काम," असं साहेब म्हणाले, तेव्हाच मी पुढच्या दोन आठवड्यांवर पाणी सोडलं.

एकीकडे बिलं काढणारी जुनी सिस्टीम, दुसरीकडे स्मरणपत्रं पाठवणारी नवी, मध्ये मी. पहिल्याच चाचणीत नवीने तमाम ग्राहकांना बजावलं, की आपल्या बिलाची मुदत 21 जानेवारी 1970 रोजीच संपली आहे. त्यातले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. दोघीही वेळ मोजतात 1 जानेवारी 1970 पासूनच, पण जुनी सेकंदांत आणि नवी मिलिसेकंदांत. 175 कोटी सेकंद म्हणजे पंचावन्न वर्षं. तेवढेच मिलिसेकंद म्हणजे जेमतेम वीस दिवस.

मी हजाराने गुणलं. वीस ओळींचा अ‍ॅडॉप्टर, म्हणजे दोघींमधला दुभाष्या कोड, झाला. कॉलर ताठ केली.

मग खाती बंद केलेले ग्राहक उठून बसले. 'खातं चालू आहे का?' याचं उत्तर जुनी सिस्टीम 'फॉल्स' (नाही) असं अवतरणचिन्हांत घालून, म्हणजे नुसता शब्द म्हणून पाठवायची. आणि नवी ज्या भाषेत लिहिली आहे, त्या जावास्क्रिप्टच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, खरीच. तुम्ही घसा फोडून 'नाही' म्हणा. ती म्हणणार, काहीतरी बोललात ना, मग हो! शिवाय जुन्या बाईंचा शिष्टाचार असा, की काहीही कोसळलं तरी स्टेटस कोड 200, म्हणजे सगळं क्षेम. रडगाणं आतल्या मजकुरात.

शेवटी दोन्ही टीमना समोरासमोर बसवलं. "आमच्या डॉक्युमेंटेशनप्रमाणे बरोबर आहे," दोघे एका सुरात म्हणाले. तेवढा एकच इंटरफेस जुळला.

मी मंगळापर्यंत गेलो. 1999 साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान असंच हातचं गेलं, म्हटलं. एक सॉफ्टवेअर आवेग पाउंड-सेकंदांत देत होतं, दुसरं तो न्यूटन-सेकंदांत समजत होतं.

"मग आपलं तितकं गंभीर नाहीये," जुन्या टीमचे प्रमुख म्हणाले.

अ‍ॅडॉप्टर चारशे ओळींवर गेला. 'याला हात लावू नये' अशी कॉमेंट त्यात तीन ठिकाणी आहे, तिन्ही माझ्याच. पण एकदाचं चालू लागलं.

आणि एका शुक्रवारी संध्याकाळी जुन्या टीमला माझी दया आली. कुणाला न सांगता त्यांनी मिलिसेकंद पाठवायला सुरुवात केली. माझ्या कोडने इमानेइतबारे त्यांना पुन्हा हजाराने गुणलं.

सोमवारी पाहतो तर सगळ्या बिलांची मुदत सत्तावन्न हजार सालाच्या पुढे गेलेली. एकाही ग्राहकाची तक्रार नव्हती.