‘काउन्सेलरला सगळं सांगू नका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजचं काय करायचं

‘डिप्रेशनसाठी काउन्सेलिंगला जाताय? थांबा, आधी हे वाचा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘दहा जणांना पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल’ वगैरे. एरवी असले मेसेज मी न वाचताच उडवते. पण हा माझ्या मावसबहिणीकडे पोचला, नेमकी ती काउन्सेलिंग सुरू करत होती तेव्हाच, आणि तो खरा मानून ती तिथल्या फॉर्मवर एक उत्तर चक्क खोटं लिहून आली. (तिला विचारूनच लिहितेय.) त्यामुळे माझा सूर चिडका वाटला तर वाटू दे.

मेसेज ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १) आत्महत्येचे विचार येत असतील तर काउन्सेलरला सांगू नका, लगेच घरी कळवतात आणि अॅडमिट करतात. २) खरा काउन्सेलर पहिल्याच भेटीत मूळ कारण ओळखतो, नाही ओळखलं तर तो बोगस. ३) काउन्सेलिंग सुरू झालं की गोळ्या बंद करा. ४) ज्याला स्वतःला डिप्रेशन झालं नाही त्याला काय कळणार. ५) काउन्सेलिंग म्हणजे पैसे मोजून गप्पा, जिवलग मित्र असेल तर गरजच नाही. ६) पटलं नाही तर सरळ बदला.

पहिल्या मुद्द्यावरच सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्यांनी वेळ वाया जाईल, याने माणूस जाऊ शकतो.

बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला पीएचक्यू-९ नावाचा एक कागद भरून घेतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं असं विचारलेलं, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, बेरीज जास्तीत जास्त २७. झोप, भूक, थकवा, कशातच मन न लागणं असे प्रश्न येत जातात आणि शेवटचा नववा असतो तो आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा. बहिणीने तिथे ‘अजिबात नाही’ वर टिक केली. खरं उत्तर तसं नव्हतं. आणि मग मला मेसेज फॉरवर्ड करून विचारते, ‘ताई, तिथे शून्य लिहिलं मी, बरोबर केलं ना?’

आता बघा यातून काय होतं. समोरच्याला वाटतं डिप्रेशन आहे पण जिवाला धोका दिसत नाही, मग पुढची भेट निवांत दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टरांना दाखवायची घाई नाही, घरातल्या कुणाला सोबत घ्यायचं का हा विषयच निघत नाही. म्हणजे योग्य काउन्सेलिंग मिळावं म्हणून गेलेली मुलगी पहिल्याच कागदावर चुकीचं काउन्सेलिंग स्वतःच्या हाताने मागून आली. आणि हा सल्ला देणारा मेसेज म्हणे जीव वाचवणार!

असले विचार सांगितले की लगेच उचलून दाखल करतात, असं होत नाही. ‘सकाळी जागच आली नाही तर बरं’ असं वाटणं आणि काय करायचं, कधी करायचं हे ठरवून बसणं यात खूप फरक आहे, आणि शिकलेला काउन्सेलर तोच फरक समजून घ्यायला पुढचे प्रश्न विचारतो: विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, तसं करायची इच्छा होते का, आणि आत्तापर्यंत कशामुळे थांबलात. बहिणीने पुढच्या भेटीत खरं सांगितलं तेव्हा नेमकं हेच झालं. काउन्सेलर दचकल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, दोघींनी मिळून एक कागद लिहिला: विचार वाढायला लागले की आधी काय जाणवतं, तेव्हा एकटीने काय करता येईल, कोणाला फोन करायचा, ते नाही उचलला तर कोणाला, आणि घरातल्या कुठल्या गोष्टी हाताशी ठेवायच्या नाहीत. पुढची भेट अलीकडे घेतली आणि सायकियाट्रिस्टना दाखवायला सांगितलं. बस्स.

यातला अर्धा खरा भाग मान्य करते, नाइलाजाने. गुप्तता शंभर टक्के नसते. जिवाला आत्ता, ताबडतोब धोका आहे असं दिसलं तर काउन्सेलर घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगू शकतात, कधी अॅडमिटही व्हावं लागतं. पण ते लपवायचं कारण नाही, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्यायचं कारण आहे: ‘माझं बोलणं तुम्ही बाहेर कधी सांगाल, आणि कोणाला?’ चांगला काउन्सेलर हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. आणि हे वाचताना कुणाची अवस्था आत्ताच तशी असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, जवळच्या माणसाला सांगा, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा किंवा हेल्पलाइनला फोन करा.

वर ‘असं विचारलं की डोक्यात नसलेलंही येतं’ ही भीती आहेच. ब्रिटनमध्ये नाइस नावाची संस्था आहे, कुठल्या आजाराला काय उपचार द्यावेत हे ती सगळे अभ्यास चाळून ठरवते. मोठ्यांच्या डिप्रेशनबद्दल तिची २०२२ ची गाइडलाइन आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की डिप्रेशन असलेल्या माणसाला आत्महत्येच्या विचारांबद्दल नेहमी थेट विचारा. नेहमी, आणि थेट. मेसेज लिहिणाऱ्या महाशयांपेक्षा मी यांचं ऐकेन.

तीच गाइडलाइन तिसऱ्या मुद्द्याचीही वाट लावते. सौम्य डिप्रेशनला पहिल्या झटक्यात सर्रास गोळ्या देऊ नका, असं तीच सांगते, म्हणजे ही काही गोळीवाल्यांची बाजू घेणारी मंडळी नाहीत. पण तीव्र असेल तर तिथे यादीत सगळ्यात वर आहे ते सीबीटी (काउन्सेलिंगचीच एक पद्धत, पुढे सांगते) आणि गोळ्या, दोन्ही एकत्र. दोघांचं भांडण नाहीये हो! आणि चालू गोळ्या मनाने बंद केल्या तर चक्कर, झोप उडणं, बेचैनी, असा त्रास होऊ शकतो, मग माणसाला वाटतं काउन्सेलिंगनेच बिघडलं आणि तो तेही सोडतो. गोळ्या साधारण निदान सहा महिने चालतात, बरं वाटायला लागलं तरी पुढे काही काळ घ्याव्या लागतात, आणि कमी करायच्या त्या ज्यांनी लिहून दिल्या त्यांना विचारून, हळूहळू. ज्यांना कधीकाळी उलट टोकाचे दिवस आलेत, झोप न लागताही भरपूर उत्साह, भरमसाट खर्च, तोंडाचा पट्टा थांबत नाही, त्यांनी तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ते बायपोलर असू शकतं आणि मग औषधांचं गणितच बदलतं. थायरॉइड बिघडला तरी डिप्रेशनसारखं वाटू शकतं, ती तपासणी काउन्सेलरच्या खुर्चीत होत नाही.

दुसरा मुद्दा, पहिल्या भेटीत मूळ कारण. काउन्सेलिंग आहे की तोंड बघून भविष्य सांगणं? पहिली भेट जवळजवळ सगळी प्रश्नांतच जाते आणि बाहेर पडताना कित्येकांना हलकं वाटायच्या ऐवजी दमल्यासारखं वाटतं. उलट दहा मिनिटांत ‘तुमच्या वडिलांमुळे झालंय हे’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर मी तिथून उठेन. सीबीटीचं बघायचं तर त्याच गाइडलाइनमध्ये सौम्य डिप्रेशनला साधारण ८ सेशन आणि तीव्रला १६ धरलेत. शिवाय ‘काउन्सेलिंग’ म्हणजे एकच काहीतरी नाही. सीबीटीत विचार पकडून ते तपासायला शिकवतात. बिहेवियरल अॅक्टिव्हेशनमध्ये विचारांच्या फार मागे न लागता दिवसाचा तक्ता करतात, अंघोळ करून दहा मिनिटं बाहेर गेलो, आधी मूड किती, नंतर किती, असं लिहायचं आणि मूड यायची वाट न बघता हळूहळू कामं वाढवायची. दिसायला बावळट वाटतं, पण ज्याला बिछान्यातून उठवत नाही त्याला विचार तपासत बसण्यापेक्षा हेच कधी सोपं जातं. इंटरपर्सनल थेरपी नात्यांवर काम करते, एखादं माणूस गेलं, संसार मोडला, घरात रोजची धुसफूस असेल तर ती विचारून बघा. म्हणून पहिल्या भेटीत विचारायचं ते हे: तुम्ही कुठली पद्धत वापरता, ती माझ्यासाठी का, शिक्षण आणि नोंदणी काय, आणि फरक पडतोय की नाही हे आपण कधी आणि कसं बघणार. विचारल्यावर राग आला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

चौथा मुद्दा, स्वतःला झालं असेल तरच कळतं. हाडांच्या डॉक्टरचा पाय आधी मोडलेला असावा लागतो का? पुढे.

पाचवा, मित्र. मित्र हवाच, त्याच्यापुढे रडून खरंच हलकं वाटतं, यात खोटं काही नाही. पण मित्र थकतो, मित्राला वाईट वाटेल म्हणून आपण निम्मं गिळतो, आणि बहुतेक मित्र पाचव्या मिनिटाला ‘अरे, पॉझिटिव्ह विचार कर ना’ वर येतात. मित्राला काम द्यायचंच असेल तर पहिल्या अपॉइंटमेंटला सोबत यायला सांगा, नंबर शोधून फोन लावायला सांगा, डिप्रेशनमध्ये तेवढा एक फोन करणंसुद्धा डोंगराएवढं होतं.

राहिला सहावा, आणि हा मात्र बराचसा बरोबर आहे हे कबूल करावं लागतंय. सूर जुळत नसेल तर काउन्सेलर बदलावा, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. पण ‘सरळ’ बदलण्याआधी एकदा तोंडावर सांगून बघा, ‘मला तुम्ही घाई करताय असं वाटतं’ किंवा ‘घरी करायला दिलेलं मला झेपत नाही’. कित्येकदा तिथेच गाडी रुळावर येते. टोमणे मारणारा, तुमच्या धर्माजातीवर किंवा कपड्यांवर घसरणारा, सेशनभर स्वतःचंच सांगणारा, बाहेर भेटायला बोलावणारा असेल तर मात्र सांगत बसू नका, निघा. बाकी वेळी तीन-चार भेटी द्या आणि तरी नाहीच जमलं तर त्यांनाच म्हणा की दुसरं कोणी सुचवा आणि आत्तापर्यंतच्या नोंदींचा सारांश द्या, म्हणजे नवीन माणसापुढे सगळं पहिल्यापासून उगाळावं लागत नाही.