दोन ओळी लिहायला हात मोडतात का?

"वैनी, तुमचं बरं हं. दिवसभर इंटरनेटवर. व्हिडिओ बघायला मिळत असतील भरपूर!" हे मला शेजारणीपासून नवऱ्याच्या मामेभावापर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. मी गोव्यात फोंड्याला घरी बसून दुकानदारांचे हिशेब ठेवते. बिलं, बँकेची स्टेटमेंटं, जीएसटीची रिटर्नं, सगळं ऑनलाइन. तर एकदाच मोठ्याने सांगून टाकते: मला व्हिडिओचा वीट आलाय. ऑनलाइन काम करणाऱ्या माणसाला ऑनलाइन व्हिडिओ आवडतच असणार, हे कोणी ठरवलं? ज्याला वेळ घालवायचा असतो त्याच्यासाठी आहे तो. मला वेळ वाचवायचा असतो.

या महिन्याचंच घ्या. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नची, मुदत ११ तारखेची. दहाच्या संध्याकाळी मी एका गिऱ्हाइकाची बिलं एक्सेलमधून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतेय, तर लाल अक्षरांत 'तारीख अमान्य'. बस्स, एवढंच. कुठली तारीख, का अमान्य, काही नाही. मदतीच्या पानावर गेले. पूर्वी तिथे साधं लेखी पान होतं, चित्रांसकट. ते काढून टाकलंय. त्याच्या जागी व्हिडिओ. लांबी बारा मिनिटं.

बघितला. आधी नाचणारा लोगो आणि संगीत. मग एक गोड आवाजाचा मुलगा, "नमस्कार दोस्तों, कैसे हैं आप सब?" कशी असणार रे बाबा, उद्या मुदत संपतेय! मग आजच्या व्हिडिओत आपण काय काय शिकणार आहोत त्याची यादी. मग चॅनल सबस्क्राइब करा, घंटी दाबा. मग एक्सेल म्हणजे काय. मी हिशेबनीस बाई, मला तू एक्सेल म्हणजे काय ते सांगतोयस? पुढे ढकलला तर नेमका मुद्दा निसटला, मागे आणला तर मध्येच जाहिरात. शेवटी नवव्या मिनिटाला रत्न बाहेर पडलं: तारखेचा रकाना टेक्स्ट करा आणि दिवस-महिना-वर्ष असा लिहा. संपलं. एका ओळीत मावलं असतं, वर जागाही उरली असती.

आणि खरी गंमत पुढेच. तारखा बदलायचा फॉर्म्युला त्याने पडद्यावर टाइप करून दाखवला. तो मला कॉपी करता येतो का? नाही. चित्र आहे ते. मग व्हिडिओ थांबवा आणि बघून टाइप करा. थांबवला की खाली प्ले बटणाची काळी पट्टी उगवते आणि नेमकी तीच ओळ झाकते! पट्टी जाईपर्यंत माउसला हात न लावता बसायचं. पट्टी गेली तर अक्षरं अशी धूसर, की स्वल्पविराम आहे की टिंब ते कळेना, कारण त्या दिवशी पावसात माडाचं चुडत तारेवर पडून ब्रॉडबँड गेलं होतं आणि मी मोबाइलच्या एका काडीवर चालले होते. त्या एका काडीवर लेखी पान आरामात उघडतं हो. व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत बसतो.

लिहिलेल्या पानावर मी कंट्रोल आणि एफ दाबते, 'तारीख' शोधते, सापडलं की पुढच्या कामाला. नको ते डोळे आपोआप गाळतात. माणूस मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो, डोळे त्याहून कितीतरी जास्त वाचतात, आणि वाचताना कुठे धावायचं, कुठे थांबायचं ते माझं मी ठरवते. दुप्पट वेगाने लाव म्हणतात. लावला. तो मुलगा दुप्पट वेगाने नमस्कार करतो.

हे असं का, तेही काही गूढ नाही. यूट्यूबवर मध्ये मध्ये जाहिराती घालायच्या तर व्हिडिओ निदान दहा मिनिटांचा लागायचा. २०२० मध्ये ती मर्यादा आठ मिनिटांवर आली. मग एका ओळीचं उत्तर आठ मिनिटांच्या पलीकडे ताणलं जाणार नाही तर काय होणार? पूर्वी निदान नापसंतीचा आकडा दिसायचा. अंगठे खाली जास्त दिसले की कळायचं, इथे वेळ घालवू नये. २०२१ मध्ये तोही आकडा लोकांपासून लपवला. आता आत शिरल्याशिवाय काही कळायची सोय नाही.

आणि "लोकांना व्हिडिओच हवाय" म्हणणाऱ्यांनी जरा मागचं आठवावं. फेसबुकने २०१६ मध्ये कबूल केलं की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात तो आकडा दोन वर्षं फुगलेला होता. तीन सेकंदांच्या आत पळून गेलेल्यांना सरासरीत धरलंच नव्हतं! म्हणजे कंटाळून गेलेल्यांना वगळा, मग उरलेले किती खूश आहेत ते मोजा. अशा हिशेबावर मी रिटर्न भरलं तर मला नोटीस येईल. पुढे जाहिरातदारांनी कोर्टात खेचल्यावर २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोवर बाहेर कितीतरी बातमीवाल्यांनी व्हिडिओच्या मागे लागून लिहिणारी माणसं घरी पाठवली होती.

आता गिऱ्हाइकंही तेच शिकलीत. बिल चुकलंय म्हणून दोन शब्द लिहायचे सोडून स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून पाठवतात. "ताई, बघा ना, सगळं सांगितलंय त्यात." सगळं म्हणजे काय, तर माउस बिलाभोवती घिरट्या घालतोय, मागे दुकानात कोणीतरी उसाच्या रसाचे पैसे मागतोय आणि शेवटी, "हां, तर हेच ते." कुठलं ते? बिल नंबर सांग ना! वर ते ऐकायला कानात हेडफोन घालून बसावं लागतं, मग दारात पदेर, म्हणजे आमचा पाववाला, भोंगा वाजवून निघून जातो आणि संध्याकाळी सासूबाई विचारतात, पाव का नाही घेतला?

"तुमच्यात संयमच उरला नाही," असं भाचा म्हणाला मला. मला! अरे, मी देवळाच्या जत्रेला रात्री अकराला पडदा उघडणाऱ्या मराठी नाटकाला बसते ती पहाटे भरतवाक्य झाल्यावर उठते. प्लास्टिकच्या खुर्चीवर. डास चावत असताना. दहीकाल्याच्या दशावतारी खेळाला तर सूर्य उगवेपर्यंत बसलेली बाई आहे मी. संयम माझ्याकडे पोत्याने आहे, पण तो मी नाटकाला देईन, तारखेच्या रकान्याला का देऊ?

बरं, हाताने करायच्या गोष्टीला मी व्हिडिओ बघते, नाही म्हणत नाही. चवथीच्या नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, कड कशी मुडपायची, ते लिहून सांगितलं तर कोणाच्या बापाला कळणार नाही. तिथे बोटं दिसायलाच हवीत. विहिरीवरचा पंप पाणी उचलेनासा झाला तेव्हा माझ्या दिराने व्हिडिओ बघूनच तो चालू केला. पण पासवर्ड कसा बदलायचा यात कोणाची बोटं बघायची आहेत?

आणि ते मोरजी-हणजूणला येऊन 'समुद्रावरून काम करतो' म्हणून व्हिडिओ टाकणारे! भर उन्हात वाळूत लॅपटॉप उघडून बघा एकदा, पडद्यावर स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसत नाही. त्यांच्यामुळे तर आमच्या नातेवाइकांना वाटतं, ऑनलाइन काम म्हणजे शहाळं आणि गॉगल.

रात्री काम संपलं की घरातले प्रेमाने बोलावतात, ये गं, मालिका लावलीय, जरा डोक्याला आराम. दिवसभर पडदा बघून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि आराम म्हणून दुसरा पडदा! मी ओसरीवर जाऊन बसते. तिथेही धाकटी रील दाखवायला येते.

सॉफ्टवेअरवाल्यांना मी कडक शब्दांत लिहिलंय: व्हिडिओ ठेवायचा तर ठेवा, पण खाली चार ओळी लिहा. पोच आली, उत्तर नाही. गिऱ्हाइकांना मात्र कळवून टाकलंय. पुढच्या महिन्यापासून लेखी निरोप फुकट, व्हिडिओ पाठवलात तर मिनिटाच्या हिशेबाने बिलात लागेल. एकाने लगेच विचारलं, "ताई, म्हणजे किती?" तेही व्हिडिओ पाठवून.