‘ऑनलाइन प्रॅक्टिकल म्हणजे कार्टून’? थांबा जरा

अ‍ॅडमिशनचा मोसम आला की जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. म्हणणं असं: कंट्रोल सिस्टीम (तापमान, वेग वगैरे हवं तिथे आपोआप राखणारी यंत्रणा) या विषयाचं ऑनलाइन प्रॅक्टिकल म्हणजे पडद्यावरचं कार्टून, खरं शिक्षण फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये, आणि लॅब उभारायची तर लाखो रुपये हवेत. मी हाच विषय शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

आधी कार्टूनचं बघू. सिम्युलेशन आणि रिमोट लॅब यांची इथे सरळ गल्लत झालीय. सिम्युलेशनमध्ये यंत्राऐवजी कॉम्प्युटरवर त्याचं समीकरण चालतं. रिमोट लॅबच्या दुसऱ्या टोकाला खरं यंत्र असतं. आयआयटी मुंबईची ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टीम’ घ्या. पोलादी पट्टी, तिला तापवणारी कॉइल, गार करायला छोटा पंखा, तापमान मोजणारा एक सेन्सर. हे संच इंटरनेटवरून चालवायची सोय तिथे केली गेली. धडगावच्या पोराने अशा संचाचा हीटर वाढवला तर मुंबईत पट्टी खरोखर तापते, आणि तापायला तिचा तिचा वेळ घेते.

‘फक्त लॅबमध्ये’ म्हणणाऱ्यांनी लॅबमध्ये एकदा डोकवावं. किटभोवती सात जण, नॉब फिरवणारा एक, बाकीचे फाइल उतरवून घेण्यात दंग.

लाखोंचं म्हणाल, तर आमचं किट बघा: आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), मॉसफेट (बल्बची वीज कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), तापमान मोजणारा एलएम३५ सेन्सर, तापवायला मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, गार करायला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. मे महिन्यात याच किटवर पोरांची फजिती झाली. खोलीत ४१ अंश (पत्र्याखाली लॅब, दुसरं काय होणार!) आणि सेटपॉइंट, म्हणजे किटने गाठायचं तापमान, दिला ३८. पंखा गरगरतोय, पण हवाच ४१ ची, तो बिचारा काय करणार? दहा मिनिटांनी वैतागून सेटपॉइंट ५० केला, तर बल्ब पेटेचना. वायर निघाली म्हणून शोधाशोध झाली. वायर जागेवरच होती. बल्बला किती वीज द्यायची ते पीआयडी नावाचं गणित ठरवतं; त्यातला ‘आय’ (इंटिग्रल) म्हणजे एरर, अर्थात सेटपॉइंट आणि खरं तापमान यांतला फरक, साठवत जाणारा भाग. तो दहा मिनिटं उणे एरर साठवत बसला होता, ती फिटेपर्यंत आउटपुट शून्यावरच. हाच इंटिग्रल वाइंडअप. मुंबईच्या एसी खोलीत ३८ गाठता आलं असतं आणि पोरांना काही कळलंही नसतं.

म्हणून मी दोन्ही करून घेतो. ट्यूनिंगचा, म्हणजे पीआयडीचे आकडे जुळवण्याचा, रियाज घरून, रात्री-अपरात्री, रिमोटवर. एलएम३५ उलटा जोडून बोट भाजून घ्यायला मात्र कॉलेजात यावंच लागतं.