डाऊनी आणि दहावीचं पुस्तक

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा धडा होता. त्यातली उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता उरली. एप्रिल 2023 मध्ये 1,800 हून जास्त वैज्ञानिक-शिक्षकांनी जाहीर पत्र काढून विरोध केला. त्यावर उत्तर आलं की मुलांचं ओझं कमी करायचं होतं, आणि बारावीच्या जीवशास्त्रात आहेच की. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेतात किती जण?

त्याआधी, जानेवारी 2018 मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले होते की डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. तरी ‘कुणी पाहिलंय?’ हा प्रश्न फॉरवर्ड होतच असतो.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या, निफाड-दिंडोरीकडच्या लोकांनी तरी तो विचारू नये. तिथे दर गोडी छाटणीनंतर (फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) उत्क्रांती पानाच्या मागच्या बाजूला पांढरी होऊन दिसते. द्राक्षाच्या या रोगाला डाऊनी म्हणतात.

अझॉक्सीस्ट्रोबिन हे फवारणीचं औषध डाऊनीच्या पेशीतल्या सायटोक्रोम बी या प्रथिनावर बसतं आणि तिचा ऊर्जेचा कारखाना बंद पाडतं. या प्रथिनातल्या 143 व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलनीन आलं की औषधाला तिथे बसता येत नाही. डीएनएतलं एकच अक्षर बदलावं लागतं. असा बदल झालेली डाऊनी आधी युरोपात सापडली आणि 2016 साली महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांमधूनही तिची नोंद छापून आली.

आपल्याकडे म्हणतात, ‘रोगाला औषधाची सवय लागली.’ इथेच चुकतं. सवय कुणालाच लागत नाही. 200 दाण्यांचं उदाहरण घ्या, वर्गातही करून दाखवता येईल. 198 मूग आणि 2 हरभरे. मूग म्हणजे औषधाने मरणारे बीजाणू, हरभरे म्हणजे न मरणारे. एक फवारणी दर 10 मुगांतले 9 मारते. उरले 20 मूग, 2 हरभरे. उरलेले त्याच प्रमाणात वाढून पुन्हा 200 झाले की 182 मूग, 18 हरभरे. दुसरी फवारणी: 18 मूग, 18 हरभरे. वाढून 100-100. तिसरी फवारणी: 10 मूग, 100 हरभरे, म्हणजे पुन्हा वाढल्यावर 200 मध्ये 182 हरभरे. एक टक्क्यावरून तीन फवारण्यांत 91 टक्के. एकही मूग हरभरा झाला नाही, एकही दाणा काही शिकला नाही. पहिल्या दोन फवारण्यांत सगळं ठीक वाटतं आणि तिसरीला औषध ‘अचानक’ फेल जातं, आणि दोष दुकानदाराच्या माथी येतो.

हरभरे आधीपासूनच होते हे कशावरून? लुरिया आणि डेलब्रुक यांनी 1943 साली वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेल्या जिवाणूंवर प्रयोग करून हे दाखवलं. विषाणूला न जुमानणारे जिवाणू विषाणूशी गाठ पडायच्या आधीच तयार झालेले होते. गाठ पडल्यावर तयार झाले असते तर सगळ्या नळ्यांत त्यांची संख्या साधारण सारखी निघाली असती. प्रत्यक्षात एखाद्या नळीत भरमसाट आणि बाकीच्यांत जेमतेम निघाले.

यावर निर्मितीवाद्यांचं (प्रत्येक जात देवाने वेगळी घडवली म्हणणाऱ्यांचं) ठरलेलं उत्तर असतं: हे किरकोळ बदल आम्हाला मान्य आहेत, पण डाऊनी शेवटी डाऊनीच राहिली ना? एका जातीतून दुसरी होत नाही, सगळ्यांचा पूर्वज एक वगैरे थापा आहेत.

ठीक. मग औषधांच्या दुकानातच जाऊ. डाऊनीला आपण बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नाही. वंशावळीत ती समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळची. द्राक्षावरचा दुसरा रोग, भुरी, मात्र खरी बुरशी. पानावर दोन्ही पांढऱ्याच दिसतात, पण भुरीवर चालणारं हेक्साकोनॅझोल डाऊनीला काही करत नाही. ते एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशीच्या पडद्याला लागणारा पदार्थ) बनवण्याचं काम बंद पाडतं, आणि डाऊनी एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. उलट मेटॅलॅक्झिल डाऊनीवर चालतं, भुरीवर शून्य. आता टोमॅटोकडे या. उशिरा येणारा करपा हा डाऊनीचा भाऊबंद, त्याच्यावर मेटॅलॅक्झिल चालतं. लवकर येणारा करपा खरी बुरशी, त्याच्यावर नाही. (मिश्रणाच्या पुड्याने दोन्ही आवरतात, पण लवकरच्या करप्यावर काम करतं ते त्यातलं मॅन्कोझेब.) पीक वेगळं असो, डाग सारखे दिसोत, औषध लागू पडतं ते नात्यावर. नातं म्हणजे समान पूर्वज. प्रत्येक जात सुटीसुटी घडवली असेल तर औषधांची ही वाटणी अशी का पडावी, याचं उत्तर निर्मितीवादाकडे नाही. ‘तशी इच्छा होती’ म्हणता येईल, पण त्यावरून पुढच्या रोगाला काय मारायचं ते ठरत नाही.

अमेरिकेत ही भांडणं कोर्टात गेली. 1925 मध्ये टेनेसीत एका शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल 100 डॉलर दंड झाला. 1987 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेत निर्मितीवाद शिकवण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली, तेव्हा त्याच मालाचं नाव बदलून ‘इंटेलिजंट डिझाइन’ झालं. 2005 च्या डोव्हर खटल्यात हे उघडं पडलं ते गमतीने: एका पुस्तकाच्या मसुद्यात जुना शब्द (creationists) खोडून नवा (design proponents) घालताना जुन्याची दोन टोकं नव्याला चिकटून राहिली होती.

आपल्याकडे पृथ्वी 6,000 वर्षांची म्हणणारे क्वचितच. इथलं दुखणं वेगळं: ‘दशावतार म्हणजे उत्क्रांतीच, आमच्याकडे आधीपासून होती.’ मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम सुंदर आहे, पण ती एकाच देवाची रूपं आहेत, कासवाचे वंशज डुक्कर असं कोणतंही पुराण सांगत नाही. आणि उत्क्रांती म्हणजे जिना नाही, फांद्या आहेत. या जुळवाजुळवीत पुराणाचंही नुकसान आणि विज्ञानाचंही.

‘कार्बन डेटिंग चुकतं’ हाही एक लाडका मुद्दा. पांडवलेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याला कार्बन लावतच नाहीत. कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो, 50,000 वर्षांपलीकडे मोजण्यासारखा उरत नाही. लाव्ह्यासाठी पोटॅशियम-40 वापरतात, त्याला निम्मं व्हायला 125 कोटी वर्षं लागतात. त्यातल्या काहीचा अरगॉन वायू होऊन दगडात साठतो, त्यावरून वय काढतात. दगड झिजलेला असेल तर त्यातला अरगॉन निसटतो आणि वय कमी येतं. म्हणून नमुना ताजा फोडून घेतात. चुका होतात, पण त्या कशा होतात आणि कशा पकडायच्या हेही माहीत असतं.

बालभारतीच्या 2018 च्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. शिकवणाऱ्यांनी तिथे मूग-हरभरे जरूर आणावेत.

आणि बागायतदारांनी छाटणीआधी कपाटातल्या बाटल्यांवर घटकाचं नाव वाचून त्याचा गट शोधावा (औषध रोगाच्या पेशीत कुठे मारतं त्यावरून दिलेला क्रमांक). मेटॅलॅक्झिल गट 4, डायमेथोमॉर्फ गट 40. मॅन्कोझेब आणि बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) एकाच वेळी अनेक ठिकाणी मारतात, म्हणून त्यांच्याविरुद्ध एका अक्षराचा बदल पुरत नाही, त्यांची सोबत सोडू नये. रोग भडकल्यावर मारण्यापेक्षा आधी मारावं, कारण बीजाणू जितके जास्त तितकी त्यांत हरभरे असण्याची शक्यता जास्त. आणि अझॉक्सीस्ट्रोबिन फेल गेलं म्हणून पायराक्लोस्ट्रोबिन, तेही गेलं म्हणून फॅमोक्सॅडोन आणत असाल तर थांबा. बाटल्या तीन, कंपन्या तीन, गट एकच: 11.